घरात कोणती औषधं ठेवावीत, आणि ती कुणाला द्यावीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही विक्रोळीला राहता, घरात पाच माणसं. आई ६७ वर्षांच्या, त्यांना बीपी आणि शुगर. वडील ७२ वर्षांचे, त्यांना प्रोस्टेटचा त्रास. मुलगी चार वर्षांची, वजन १४ किलो. तुमची रात्रपाळी असते आणि दुखणी नेमकी रात्री अकरानंतर डोकं वर काढतात. ताप, सर्दी-खोकला, अंगदुखी, अ‍ॅसिडिटी आणि जुलाब या पाच तक्रारींसाठी ‘सगळ्यांना चालतील, साइड इफेक्ट नसतील’ अशा गोळ्यांची यादी तुम्हाला हवी आहे. जाता जाता तुम्ही हेही लिहिलंय, की आई गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅकची गोळी गेले काही महिने रोज घेतात आणि ती त्यांना छान लागू पडली आहे.

मी भांडुपला २८ वर्षं जनरल प्रॅक्टिस करते. तुमचा प्रश्न वाचताना मी त्या शेवटच्या वाक्यावर थांबले. बाकीचं उद्या केलंत तरी चालेल, पण आईंची ती गोळी आज रात्रीच बंद करा. म्हणून सुरुवात तिथूनच करते. ‘सगळ्यांना चालणारी गोळी’ असं काही का नसतं, तेही त्यातूनच कळेल.

आईंच्या रोजच्या औषधांची नावं तुम्ही दिली आहेत ते फार बरं केलंत. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी, शुगरसाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. ही औषधं चांगली आहेत, माझ्या निम्म्या पेशंटना हीच चालू असतात. प्रश्न त्यांच्या जोडीला आलेल्या डायक्लोफेनॅकचा आहे.

मूत्रपिंडात लाखो बारीक गाळण्या असतात. त्यातून रक्त गाळलं जायचं तर आत पुरेसा दाब लागतो. गाळणीकडे रक्त आणणारी नळी मोकळी ठेवण्याचं काम प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं करतात, आणि डायक्लोफेनॅकसारखी पेनकिलर नेमकी तीच द्रव्यं तयार होऊ देत नाही. गाळणीतून बाहेर जाणारी नळी थोडी आवळलेली असते म्हणून दाब टिकतो, तर टेल्मिसार्टन ती सैल करतं. एरवी हे फायद्याचंच असतं, शुगरवाल्यांच्या मूत्रपिंडांना त्याने संरक्षण मिळतं. हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढतं. आता सोसायटीची टाकी डोळ्यांपुढे आणा. टाकीत पाणी कमी, टाकीकडे येणारा व्हॉल्व्ह अर्धा बंद आणि खालच्या मजल्यांवर सगळ्यांचे नळ सोडलेले. वरच्या मजल्यावर नळाला धार येईल का? या तिन्ही गोळ्या एकत्र आल्या की मूत्रपिंडाचं तसं होतं. रोज होत नाही, म्हणूनच माणूस बेसावध राहतो. उन्हाळ्यात घाम जास्त गेला, दोन दिवस जुलाब झाले, पाणी कमी प्यायलं गेलं, की गाडं घसरतं.

अशा एक आजी माझ्याकडे मे महिन्यात आल्या होत्या. जुलाब थांबून दोन दिवस झाले होते, पण ‘लघवीला होतच नाही गं, आणि अन्नाचा वास नको वाटतो’ ही तक्रार. कोणती औषधं घेता विचारलं तर त्यांनी पदराची गाठ सोडली. आत बीपीच्या गोळ्या होत्या आणि कात्रीने कापलेला चार गोळ्यांचा एक तुकडा. त्या तुकड्यावर नावाचं अर्धं अक्षरही उरलं नव्हतं. ‘ही गुडघ्यांची, पांढरी.’ त्यांचा मुलगा मेडिकलमध्ये जाऊन नाव लिहून घेऊन आला तेव्हा ते डायक्लोफेनॅक निघालं. मूत्रपिंडाचं काम बिघडलं की रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं. चार महिन्यांपूर्वी त्यांचं क्रिएटिनिन १.१ होतं, त्या दिवशी ४.२ आलं. ताबडतोब अ‍ॅडमिट केलं, गोळी थांबवली, सलाईन लागलं, डायलिसिसची वेळ टळली. तीन आठवड्यांनी आकडा १.४ वर आला आणि तिथेच थांबला. आधीच्या १.१ वर तो पुन्हा कधी आला नाही.

डायक्लोफेनॅक मूत्रपिंडाला काय करू शकतं, याचा एक मोठा धडा आपल्या मुंबईच्या डोक्यावरच घडला. डायक्लोफेनॅक दिलेली गुरं मेल्यावर त्यांचं मांस खाऊन गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन पटापट मेली. मलबार हिलच्या डुंगरवाडीवर, जिथे पारशी लोक आपले मृतदेह ठेवतात, तिथे पिढ्यान्‌पिढ्या येणारी गिधाडं त्यामुळे नाहीशी झाली. २००६ मध्ये सरकारने गुरांसाठी हे औषध बंद केलं. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही आणि माणसांसाठी हे औषध कायदेशीर आहे, योग्य माणसाला चार-पाच दिवस द्यायला मीही देते. पण ६७ वर्षांच्या, बीपी-शुगर असलेल्या बाईला रोज, महिनोन्‌महिने, कुणाच्याही देखरेखीशिवाय? नाही.

मग गुडघ्यांचं काय? दुखणं खरं आहे आणि ते सहन करा असं मी म्हणणार नाही. पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० ची गोळी गरजेप्रमाणे दिवसातून दोन-तीन वेळा चालेल. डायक्लोफेनॅकचंच जेल वरून लावलं तर रक्तात फार थोडं उतरतं, त्यामुळे गुडघ्याला दिवसातून तीन वेळा जेल हा त्यांच्यासाठी बरा मार्ग आहे. खुर्चीत बसून पाय सरळ समोर उचलायचा, दहापर्यंत मोजायचं, खाली ठेवायचा. प्रत्येक पायाला दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार कमी होतो. गुण यायला सहा आठवडे लागतात, हे आईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर आठव्या दिवशी त्या पुन्हा पांढऱ्या गोळीकडे वळतील. आणि कृपा करून बीपीची गोळी मनाने थांबवू नका. थांबवायची आहे ती फक्त पेनकिलर.

आता तापाकडे येऊ. तापाला आणि साध्या अंगदुखीला तुमच्या घरातल्या पाचही जणांसाठी पहिलं औषध पॅरासिटामॉल. ‘सगळ्यांना चालणारी’ याच्या सर्वांत जवळ जाणारी गोळी हीच. तिलाही मर्यादा आहे. मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही, आणि वयस्कर, हाडकुळी किंवा दारू पिणारी व्यक्ती असेल तर मी २ ग्रॅमच्या आसपासच थांबते. दोन डोसांत किमान चार ते सहा तास. मर्यादा ओलांडली तर फटका यकृताला बसतो, आणि पहिले एक-दोन दिवस बाहेरून काहीच दिसत नाही.

माणसं जास्त डोस मुद्दाम घेत नाहीत, नावांनी फसतात. क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो ही तीन वेगळी नावं आहेत, आत पॅरासिटामॉलच आहे. सर्दीच्या बहुतेक तयार गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं. अंगदुखीच्या जोडगोळ्यांतही, म्हणजे दोन औषधं एकत्र असलेल्या गोळ्यांतही, असतं. तापाला एक, सर्दीला एक, अंगदुखीला एक असं म्हणत माणूस एकच औषध तीन वेळा घेतो. म्हणून स्ट्रिप हातात घेतली की मोठं नाव सोडा आणि घटक वाचा. हे एवढं जरी घरातल्या प्रत्येकाला जमलं तरी माझं निम्मं काम हलकं होईल.

मुलीच्या बाबतीत तर हे वाचणं फारच महत्त्वाचं. मुलांचा डोस वयावर नसतो, वजनावर असतो. किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या १४ किलोच्या मुलीला एका वेळी १४० ते २१० मिलिग्रॅम, २४ तासांत जास्तीत जास्त चार वेळा. अडचण अशी की बाजारात मुलांचं पॅरासिटामॉल तीन ताकदींत मिळतं. ५ मि.ली.मध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचं एक सिरप, ५ मि.ली.मध्ये २५० चं दुसरं, आणि तान्ह्या बाळांचे ड्रॉप्स, ज्यात एका मि.ली.तच १०० मिलिग्रॅम असतं. १२० वालं असेल तर तुमच्या मुलीला साधारण ७ मि.ली. लागेल. २५० वालं असेल तर ४ मि.ली.पेक्षा जास्त नाही. ड्रॉप्स असतील तर फार तर २ मि.ली.

एक आई रात्री माझ्या घराची बेल वाजवून आली होती. मुलाचा ताप उतरला होता, पण बाटली संपली म्हणून नवीन आणली, आणि रोजच्या सवयीने सात-सात मि.ली. तीन वेळा दिल्यावर तिच्या लक्षात आलं की बाटलीवर २५० लिहिलंय. मूल सुखरूप राहिलं, कारण तिने वेळेत वाचलं. तेव्हापासून मी चिठ्ठीवर ‘५ मि.ली.मध्ये किती’ ते लिहून त्याभोवती लाल पेनने गोल करते. तुम्ही घरात एकाच ताकदीची बाटली ठेवा, आणि चहाच्या चमच्याने मोजू नका. बाटलीबरोबर आलेलं माप किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा.

पॅरासिटामॉलने ताप पूर्ण उतरला नाही की दुसरी, ‘जोरदार’ गोळी शोधायचा मोह होतो. इथे दोन गोष्टी सांगते. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला आपल्याकडे २०११ पासून बंदी आहे. घरात कुणाची उरलेली बाटली असेल तर टाकून द्या. मेफेनॅमिक अ‍ॅसिड आणि आयब्युप्रोफेनची सिरपं डॉक्टर देतात, पण ती घरच्या घरी सुरू करू नका, विशेषतः पावसाळ्यात. १०२ चा ताप १०० वर आला आणि पोर खेळायला लागली, दोन घास खाल्ले, पाणी प्यायली, तर औषधाने काम केलंय. थर्मामीटरचा आकडा ९८.४ व्हायलाच हवा असं नाही.

पावसाळ्याचं वेगळं का, तर जुलै ते नोव्हेंबर या काळात मुंबईत प्रत्येक ताप डेंग्यू, मलेरिया किंवा लेप्टो (तुंबलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) असू शकतो असं धरूनच मी चालते. डेंग्यूत प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, कमी झालेल्या असतात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन या गोळ्या उरलेल्या प्लेटलेटचं काम बिघडवतात आणि जठराच्या अस्तराला इजा करतात. रक्तस्राव व्हायला यापेक्षा सोयीची परिस्थिती नाही.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. प्रॅक्टिसच्या तिसऱ्या वर्षी सप्टेंबरमध्ये एक रिक्षाचालक आला होता. अंग ठणकत होतं, उद्या धंद्यावर जायचंच होतं, ‘मॅडम, सुई मारा’ म्हणाला. मी डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन दिलं. त्याला बरं वाटलं, तो गेला. चौथ्या दिवशी त्याच्या हिरड्यांतून रक्त येत होतं आणि प्लेटलेट १८,००० होत्या. तो वाचला, पण आठ दिवस वॉर्डात होता आणि त्याच्या घरात तेवढे दिवस पैसा आला नाही. नुसत्या डेंग्यूनेही प्लेटलेट एवढ्या खाली येतात, इंजेक्शनचा वाटा किती हे मी आजही मोजून सांगू शकत नाही. पण पावसाळ्यात तपासणीआधी तापाच्या पेशंटला पेनकिलरची सुई मी त्यानंतर कधी दिलेली नाही, कितीही आग्रह झाला तरी.

म्हणून तुमच्या घरासाठी नियम असा ठेवा. पावसाळ्यात ताप आला की फक्त पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, आणि सर्दी-खोकला नसताना ताप असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रक्त तपासायचं. मलेरियाची स्लाइड महापालिकेच्या दवाखान्यात मोफत होते. डेंग्यूत ताप उतरतो ते दिवस जास्त जपायचे असतात, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यानचे. ताप गेला पण पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, माणूस ग्लानीत आहे, कुठून रक्त येतंय, तर रात्र आहे म्हणून थांबू नका. आणि तुम्ही रात्रपाळीला जाताना तुंबलेल्या पाण्यातून चाललात, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. लेप्टो होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिन देतात, त्याचा डोस पायाला जखम आहे का, पाण्यात किती वेळ होतात यावर ठरतो. आठ वर्षांखालच्या मुलांना आणि गर्भवती बाईला ते देत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळं औषध असतं.

सर्दीच्या गोळीबद्दल तुम्ही विचारलंत तेव्हा मला तुमच्या वडिलांची काळजी वाटली. तयार गोळ्यांत बहुधा तीन औषधं असतात: पॅरासिटामॉल, नाक सुकवणारं क्लोरफेनिरामाइन, आणि नाक मोकळं करणारं फेनिलेफ्रिन. क्लोरफेनिरामाइनने मूत्राशयाचं आकुंचन मंदावतं. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची वाट आधीच अरुंद असते, त्यात हे. दरवर्षी थंडीत एक-दोन आजोबा ‘संध्याकाळपासून लघवी अडकली’ म्हणून येतात, कॅथेटर घालावा लागतो, आणि विचारलं की कळतं, काल सर्दीची गोळी घेतली होती. याच औषधाने म्हातारी माणसं रात्री गोंधळतात, उठताना तोल जातो. फेनिलेफ्रिन आईंचं बीपी वाढवू शकतं. शिवाय पोटात घेतलेल्या फेनिलेफ्रिनने नाक मोकळं होतच नाही, असा निष्कर्ष २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाच्या तज्ज्ञ समितीने काढला. म्हणजे धोका घ्यायचा आणि हाती काही लागायचं नाही. आपल्याकडेही क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असा आदेश २०२३ मध्येच निघाला.

शिंका आणि वाहतं नाक फारच असेल तर मोठ्यांना रात्री एक सेटिरिझिन. वडिलांना त्याऐवजी फेक्सोफेनाडिन बरं, त्याने झोप कमी येते आणि लघवीचा त्रास होण्याची शक्यताही कमी. बंद नाकाला मिठाच्या पाण्याचे थेंब, लहान-मोठ्या सगळ्यांना, हवे तितक्या वेळा. झायलोमेटाझोलिनचे थेंब मोठ्यांना तीन दिवस, फार तर पाच. त्यापुढे गेलात तर नाक त्या थेंबांशिवाय उघडेनासं होतं. वाफ घ्या, पण मुलीला वाफेच्या भांड्याजवळ बसवू नका. वाफेने सर्दी बरी झालेली मुलं मोजकी, उकळतं पाणी मांडीवर सांडून भाजलेली मुलं मी बरीच पाहिली आहेत.

खोकल्याच्या औषधाबद्दल माझं मत कडक आहे. मुलीसाठी घरात खोकल्याचं सिरप ठेवूच नका. २०२५ च्या शरदात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या सिरपने २० पेक्षा जास्त मुलं मूत्रपिंड निकामी होऊन गेली. आपल्या शहराने हेच विष १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात पाहिलं, तिथे भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. माझ्या शिक्षकांच्या पिढीला ती नावं आणि ते दिवस पाठ होते. छिंदवाड्यानंतर केंद्र सरकारने सांगितलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालच्यांना शक्यतो टाळावीत. तुमची मुलगी चारची आहे. भेसळ बाजूला ठेवली तरी या सिरपांनी लहान मुलांचा साधा खोकला लवकर बरा होतो याला आधार नाही. झोपताना चमचाभर मध द्या, एक वर्षावरच्या मुलाला चालतो. कोमट पाणी, उशाला उंची. दम लागत असेल, फासळ्या आत ओढल्या जात असतील, तर सिरपने काही होणार नाही, दवाखाना गाठा.

मोठ्या माणसाचा खोकला दोन आठवडे टिकला तर थुंकीची तपासणी. महापालिकेच्या दवाखान्यात ती मोफत होते. मुंबईत टीबी इतका आहे, की दोन आठवड्यांच्या खोकल्याला मी दुसरं नाव देतच नाही, तपासणी झाल्याशिवाय.

इथेच अँटिबायोटिकचं सांगून टाकते. साध्या सर्दी-तापाला तीन दिवस अ‍ॅझिथ्रोमायसिन घेणं म्हणजे दुखणं हल्याला आणि इंजेक्शन पखालीला. व्हायरसवर ते चालत नाही. पाचव्या दिवशी माणूस तसाही बरा होणार असतो, श्रेय गोळीला जातं आणि पुढच्या वेळी तीच गोळी आठवते. खोकल्याला मनाने लिव्होफ्लॉक्सासिन घेणं त्याहून वाईट. ते टीबीवरही अर्धवट चालतं, त्यामुळे खोकला थोडे दिवस दबतो, निदान आठवडेच्या आठवडे लांबतं आणि जंतू त्या औषधाला सरावतो. आईंसाठी आणखी एक धोका आहे: या जातीच्या गोळ्या ग्लिमेपिराइडबरोबर घेतल्या तर शुगर अचानक खाली जाऊ शकते. स्ट्रिपवर उभी लाल रेघ असेल तर ती गोळी चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, आणि घरात उरलीच तर पुढच्या वेळेसाठी जपायची नाही.

अ‍ॅसिडिटीला अँटासिड जेल घरात असू द्या. जेवणानंतर जळजळ झाली की दोन चमचे. वारंवार होत असेल तर पँटोप्राझोल ४०, सकाळी नाश्त्याआधी अर्धा तास, दोन आठवडे, मग थांबायचं. जेवणानंतर घेतली तर तिचा निम्मा उपयोग वाया जातो, आणि बहुतेक जण जेवणानंतरच घेतात. वर्षानुवर्षं रोज घेतली तर बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होतं. आईंना मेटफॉर्मिननेही बी-१२ कमी होतं, म्हणून त्यांच्या बाबतीत हे दुहेरी. मळमळीवरचं डोम्पेरिडोन घातलेली कॅप्सूल साठीपुढच्या माणसांना रोजची म्हणून नको, हृदयाची लय बिघडू शकते.

पण अ‍ॅसिडिटीत मला गोळीपेक्षा निदानाची भीती जास्त वाटते. ‘गॅस झालाय’ म्हणत रात्रभर जेल पिणारे किती तरी जण सकाळी हार्ट अटॅक घेऊन आलेले मी पाहिलेत. शुगर असलेल्या बाईला छातीत कळ येईलच असं नाही. नुसती घालमेल, घाम, जबड्यात किंवा खांद्यात ओढ, पायऱ्या चढताना लागणारा दम, एवढंच असू शकतं. आईंना किंवा वडिलांना असं काही पहिल्यांदाच होत असेल, तर जेलची बाटली बाजूला ठेवा आणि ईसीजी काढा. रात्री दोन वाजता असला तरी.

जुलाबाला ओआरएस, आणि मुलीला सोबत झिंक २० मिलिग्रॅम १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी झिंक पूर्ण करायचं. मोठं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यात. एका ग्लासात अर्धं पाकीट ढवळून दिलं तर ते इतकं खारट आणि दाट होतं की जुलाब वाढतात. २०० मि.ली.ची छोटी पाकिटंही मिळतात, घरासाठी तीच सोपी. शुगर असली तरी आईंनी ओआरएस घ्यायला हरकत नाही, लिटरभर पाण्यात साडेतेरा ग्रॅमच ग्लुकोज असतं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. दुकानातली गोड पेयं ओआरएस समजून देऊ नका.

जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी मुलीला अजिबात नाही. मोठ्यांनाही ताप किंवा शौचातून रक्त असेल तर नाही, कारण आतली घाण आतच अडकते. ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल ही अँटिबायोटिकची जोडगोळी मेडिकलवाला हमखास पुढे करेल. बहुतेक जुलाबांना तिची गरज नसते. आणि आईंना जुलाब-उलट्या जोरात असतील, तर त्याच दिवशी तुमच्या डॉक्टरांना फोन करून विचारा, की बीपीची आणि मेटफॉर्मिनची गोळी दोन दिवस थांबवायची का. वर सांगितलेली पाण्याची टाकी आठवा.

एक जाता जाता: पावसाळ्यात जांघेत नायटा उठला तर तीन-चार औषधं एकत्र असलेलं मलम लावू नका. त्यात बहुधा स्टेरॉइड असतं, खाज दोन दिवसांत थांबते आणि नायटा पसरत जातो.

तर तुमच्या डब्यात एवढं ठेवा: पॅरासिटामॉल ५०० ची एक स्ट्रिप, मुलीसाठी एकाच ताकदीचं सिरप आणि सिरिंज, ओआरएसची छोटी पाकिटं, झिंक, मिठाच्या पाण्याचे नाकाचे थेंब, सेटिरिझिन, वडिलांसाठी फेक्सोफेनाडिन, अँटासिड जेल, डायक्लोफेनॅकचं जेल आणि थर्मामीटर. स्ट्रिप कापून देऊ नका असं मेडिकलमध्ये सांगा, नाव आणि तारीख शाबूत राहिली पाहिजे. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवा. त्यावर प्रत्येकाचं नाव, वजन, रोजची औषधं घटकांच्या नावाने, कुणाला कशाची अ‍ॅलर्जी, आणि आईंचं शेवटचं क्रिएटिनिन तारखेसह. तुम्ही रात्रपाळीला असाल तेव्हा तुमच्या बायकोला डब्याआधी हा कागद बघता येईल, आणि रात्री कुठल्याही डॉक्टरला फोन लावला तर त्याला हेच विचारायचं असेल.

एखाद्या औषधाने अंगावर चट्टे उठले, तोंडात फोड आले किंवा दुसरा काही विपरीत परिणाम दिसला तर १८००-१८०-३०२४ या सरकारी टोल फ्री क्रमांकावर सामान्य माणसालाही नोंद करता येते. पण आधी औषध थांबवून डॉक्टर गाठा.

आईंनी डायक्लोफेनॅक किती महिने घेतलंय, दिवसाला किती, आणि पायांवर सूज आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. या आठवड्यात त्यांचं क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि लघवीची साधी तपासणी करून घ्या. रिपोर्टवर क्रिएटिनिनखाली ईजीएफआर नावाचा आकडा छापलेला असतो, मूत्रपिंड किती गाळतंय ते तो सांगतो. तो ६० च्या खाली असेल तर रिपोर्ट आणि घरातल्या सगळ्या स्ट्रिप एका पिशवीत घालून त्यांच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा. लघवी कमी झाली असेल किंवा सूज असेल, तर रिपोर्टची वाट न बघता आधी जा.